बालकांच्या हाती कात्री

गेल्या पावसाळ्यात शाळाभेटीच्या निमित्ताने डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीवरील द्विशिक्षकी शाळेत जाण्याचा योग आला. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला होता. दोघे गुरुजी ओसरीवर बसून रंगीत कागदाच्या त्रिकोणी पताका कातरीत होते आणि पहिली-दुसरीची मुले त्यांच्याभोवती कोंडाळे करून पाहत होती. एक मुलगा खाली पडलेली कात्रणे गोळा करीत होता. एक मुलगी खळीची वाटी धरून उभी होती. कात्री मात्र मोठ्या माणसांच्याच हाती होती. "मुलांना कातरावयास देत नाही का?" असे मी विचारले. त्यावर वडील गुरुजींनी कपाट उघडून दाखविले. आत लहान मुलांच्या बारा कात्र्या होत्या. जडवस्तू नोंदवहीत त्यांची रीतसर नोंद होती, प्रत्येकीला क्रमांक होता, आणि प्रत्येकीवरचा तेलकट कागदही पहिल्या दिवसासारखाच गुंडाळलेला होता.

"साहेब, एक हरवली तर भरपाई माझ्याकडून, आणि एखाद्याचे बोट कापले तर खुलासाही माझ्याकडूनच," गुरुजी म्हणाले.

या उत्तराचे खंडन मला करता आले नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यात काम करीत असताना एका बालकाच्या बोटाला कात्रीचे टोक लागल्याची पालकांची तक्रार आली, तेव्हा त्या शिक्षिकेकडून लेखी खुलासा मीच मागविला होता. इजा कशी झाली, त्या वेळी आपण कोठे होता, कात्री कोणाच्या परवानगीने दिली, हे सारे विचारले. मूल त्या वेळी काय शिकत होते, हे मात्र विचारले नाही. जखम चार दिवसांत भरून आली. त्या शाळेतील कात्र्या पुढच्या दोन्ही भेटींत मला कपाटातच आढळल्या. तेव्हा पुढील विवेचनातील काही भाग शिक्षकांसाठी असला, तरी काही भाग तपासणी करणाऱ्या आम्हा मंडळींसाठीही आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

कात्रीकाम म्हणजे कार्यानुभवाच्या तासिकेतील करमणूक, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक पाहता बालशिक्षणात त्याला मानाचे स्थान आहे. किंडरगार्टनचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) याने बालकांसाठी जे हस्तव्यवसाय सुचविले, त्यांत घडीकाम व विणकाम यांच्या जोडीला कागद कातरणे हेही होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी खेड्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालकांच्या हातांना काम देण्याचा मार्ग घालून दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० याने ३ ते ८ वर्षे हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरला आहे. त्यामुळे अंगणवाडीतील ताईंचे काम आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांचे काम ही आता एकाच साखळीतील कड्या झाली आहेत.

आपण मुलाच्या हाती पेन्सिल देतो, तेव्हा त्या हाताकडून तीन गोष्टींची अपेक्षा करतो. अंगठा व पहिली दोन बोटे उरलेल्या बोटांपासून वेगळी चालावीत. दाब हवा तेवढाच पडावा. आणि एक हात काम करीत असता दुसऱ्याने कागद सांभाळावा. या तिन्ही गोष्टी कात्री शिकविते. शिवाय, पेन्सिलीने काढलेली रेघ चुकली तरी मूल पुढे जाते, परंतु कात्री रेघेबाहेर गेली की ते त्याला तत्काळ दिसते. कोणी सांगावे लागत नाही. पहिलीत ज्या मुलाच्या पाटीवर अक्षर उमटत नाही, त्याला आपण 'लक्ष नाही' असे म्हणतो. पुष्कळदा लक्ष असते, पण हाताची तयारी झालेली नसते.

कात्री चालते कशी, हे शिक्षकाने एकदा नीट समजून घेतले म्हणजे शिकविण्यातील निम्म्या अडचणी दूर होतात. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. आपण विळीवर भाजी चिरतो, विळ्याने पीक कापतो, पण कापड आणि केस कातरतो. चिरण्यात धार एक असते व तिच्याविरुद्ध हाताचा किंवा पाटाचा आधार असतो. कातरण्यात दोन धारा एकमेकींना घासून जातात आणि त्या जेथे एकमेकींना ओलांडतात, त्या एका बिंदूपाशीच कागद तुटतो. दोन पाती एकमेकींना चिकटून चालली नाहीत, तर कागद त्यांच्यामध्ये सापडून दुमडतो, तुटत नाही. कात्री म्हणजे मधल्या खिळ्यावर टेकलेल्या दोन तरफा होत. अडकित्ताही तरफच, परंतु त्याचा टेकू टोकाला असतो आणि सुपारी मध्ये. कात्रीत टेकू मध्ये असल्यामुळे कागद खिळ्याजवळ असेल तेव्हा बळ कमी लागते, टोकाजवळ असेल तेव्हा अधिक. लहान मुले नेमकी टोकानेच कुरतडतात आणि थकतात. त्यांना सांगावे, "कात्रीचा जबडा पूर्ण उघड आणि घास आतपर्यंत दे." हे वाक्य मुलांना फार आवडते, असा अनुभव आहे.

कात्रीपूर्वी हाताची तयारी हवी. या बाबतीत खेड्यातील मूल शहरातील मुलाच्या मागे नाही, उलट पुढेच असते. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मटार सोलणे, मेथी निवडणे, ओला बोळा पिळणे, कणकेचा गोळा मळणे ही सारी घरात चालणारी कामे बोटांना बळ देतात. शाळेत त्यांना जोड द्यावी ती फाडकामाची. जुने वर्तमानपत्र दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जन्यांत धरून त्याच्या पट्ट्या फाडणे, हे कात्रीकामाचे पहिले पाऊल होय. यात एक हात पुढे जातो आणि दुसरा मागे येतो. हेच पुढे कात्रीला लागते. कपडे वाळत घालण्याचे चिमटे दोरीवर लावणे व काढणे, हेही उत्तम. त्यात उघडणे-मिटणे ही क्रिया बोटांच्या अंगवळणी पडते. ज्या मुलाला फाडता येत नाही त्याच्या हाती कात्री देण्याची घाई करू नये.

कात्री निवडताना टोक बोथट असावे, पण धार बोथट असता कामा नये. हा भेद खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि 'सुरक्षित' म्हणून नुसत्या प्लॅस्टिकच्या पात्यांच्या कात्र्या शाळेत येऊन पडतात. त्यांनी धड कागद कातरला जात नाही. मूल जोर लावते, कागद दुमडतो, आणि आपल्यालाच येत नाही असे ते समजून बसते. एवढेच नव्हे, तर जोर लावून चालविलेली कात्री निसटते, आणि इजा होते ती तेव्हाच. साधारण १२-१३ सेंटिमीटर लांबीची, गोल टोकाची व पोलादी पात्यांची कात्री पुरे. घेताना एक साधा कागद मुळापासून टोकापर्यंत कातरून पाहावा. खिळा सैल असेल तर गावच्या शिंप्याकडून तो घट्ट करून घ्यावा. धार गेली असेल तर आठवडे बाजारात धार लावणारा येतोच.

प्रत्यक्ष कातरण्याची सुरुवात कागदाने करण्याचे कारण नाही. मळलेल्या कणकेच्या किंवा चिकणमातीच्या करंगळीएवढ्या वळ्या करून द्याव्यात. त्या एका दाबात तुटतात आणि मुलाला यशाचा आनंद चटकन मिळतो. मातीने बरबटलेली पाती मात्र लगेच पुसून कोरडी करावीत, नाही तर ती गंजतात. त्यानंतर वडाचे किंवा फणसाचे जाड पान. कागदावर येताना आपण एक चूक हमखास करतो. पातळ कागद सोपा असेल असे समजून वर्तमानपत्र पुढे ठेवतो. पातळ कागद लवतो, हातात ताठ राहत नाही. नवशिक्याला जाड कागद सोपा. जुन्या लग्नपत्रिका, वह्यांची वेष्टने आणि दिनदर्शिकेची मागील वर्षाची पाने यांचा साठा प्रत्येक शाळेने करून ठेवावा. लग्नसराई संपली की एका गावातून वर्षभर पुरतील इतक्या पत्रिका मुलेच आणून देतात.

या जाड कागदाच्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या द्याव्यात. कात्री एकदा मिटली की तुकडा खाली पडला पाहिजे. या अवस्थेत रेघ नको, आकृती नको, 'नीट काप' ही सूचनाही नको. केवळ तुकडे पाडावेत. पडलेले तुकडे टाकून न देता खळीने पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटविले की त्यांची भरीव चित्रे होतात. मग पट्टी रुंद करावी, म्हणजे दोन-तीनदा कात्री उघड-मीट करीत पुढे जावे लागते. पुढे कागदाच्या कडेला झालर कातरावी, म्हणजे थांबावयास शिकता येते. नंतर बोटभर जाड रेघ, हळूहळू बारीक होत जाणारी. सरळ रेघेनंतर वळण, वळणानंतर वर्तुळ, आणि कोपरे सर्वांत शेवटी. कारण कोपऱ्याशी थांबून, कागद फिरवून पुन्हा सुरुवात करावी लागते. साधारणतः तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल कडेला टचके मारू लागते, चौथ्या वर्षी जाड सरळ रेघेवरून जाते, पाचव्याच्या सुमारास वर्तुळ बऱ्यापैकी कातरते आणि सहाव्यापर्यंत चौकोन साधतो. हे अंदाज होत. ज्याच्या हाती पहिलीत येईपर्यंत कात्री आलीच नाही, ते सहा वर्षांचे मूलही पट्टीपासूनच सुरू करील, आणि त्यात कमीपणा काही नाही. मोठी मुले या पायऱ्या भराभर चढतात.

आता हाताच्या ठेवणीकडे वळू. अंगठा वरच्या कडीत, मधले बोट खालच्या कडीत. कडी मोठी असल्यास अनामिकाही तिच्यात. तर्जनी कडीबाहेर राहून खालून आधार देते. पुष्कळ मुले तळहात जमिनीकडे वळवून कात्री आडवी धरतात किंवा कोपर पंखासारखे बाहेर काढतात. अशा वेळी हात धरून ओढाताण करू नये. अंगठ्याच्या नखावर पेनाने एक ठिपका काढावा आणि सांगावे, "हा ठिपका तुला सारखा दिसला पाहिजे." ठिपका दिसतो तोवर अंगठा वर असतो, आणि अंगठा वर असला की कोपर आपोआप अंगाशी येते. कोपर तरीही बाहेर जात असेल, तर काखेत एक दुमडलेला रुमाल धरावयास द्यावा. रुमाल पडला की मूल स्वतःच हसते.

दुसऱ्या हाताला आपण फारच कमी शिकवितो. वास्तविक कात्री सरळ पुढे जात असते. वळण देतो तो कागद धरणारा हात. त्याही हाताचा अंगठा कागदावर, वरच्या बाजूस हवा. उजव्या हाताने कातरणारे मूल वर्तुळ कातरते तेव्हा आकृती डाव्या हातात राहते आणि कात्री तिच्या उजव्या कडेने, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने जाते. कागद मात्र काट्यांच्या दिशेने फिरत राहतो. डावखुऱ्या मुलाचे हे सारे उलट होते. फळ्यावर वर्तुळ काढून बाणाने दिशा दाखविताना हे ध्यानात ठेवावे. एकच बाण सर्वांसाठी काढू नये.

डावखुऱ्या मुलाविषयी जरा विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. १९९३ साली मी नवखा शिक्षक होतो. माझ्या वर्गात एक मुलगी डाव्या हाताने कातरी. तिच्या कात्रीत कागद दुमडून बसे आणि कडा चावल्यासारख्या दिसत. ती डाव्या हाताने कातरते म्हणूनच असे होते, हे मला दिसत होते, आणि म्हणून उपायही मला सोपा वाटला. मी तिच्या डाव्या हातातून कात्री काढून उजव्या हातात देऊ लागलो. एकदा नव्हे, रोज. घरीही शुभकार्यात डावा हात नको अशी शिकवण होती, त्यामुळे माझ्या करण्याला आधारच मिळाला. पुढे ती वर्गात डावा हात मांडीखाली दाबून बसू लागली. मला ती शिस्त वाटली. तिच्या डाव्या हाताचे अक्षर कसे होते, हे मी कधी पाहिलेच नाही.

कारण कळले ते कित्येक वर्षांनी, एका शिंप्याच्या दुकानात. कपड्यासाठी खोळंबलो असता त्यांची कात्री सहज डाव्या हातात धरून कागद कातरू लागलो. कागद दुमडला. हुबेहूब तसाच. शिंपीदादा म्हणाले, "गुरुजी, ही उजव्या हाताची आहे." कात्रीला हात असतो, हे मला तेव्हा कळले. मूठ मिटताना आपला अंगठा व बोटे केवळ वरखाली चालत नाहीत, ती किंचित बाजूलाही रेटतात. उजव्या हाताच्या कात्रीची पाती अशी जोडलेली असतात की उजवा हात मिटताना त्या रेट्याने ती एकमेकींवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच रेटा पाती फाकवितो आणि कागद मध्ये सापडतो. शिवाय वरचे पाते रेघेच्या आड येते आणि मुलाला आपण काय कातरीत आहोत तेच दिसत नाही. कात्री उलटी करून दिल्याने हे बदलत नाही. कशीही फिरविली तरी पात्यांची मांडणी तीच राहते. ओळखण्याची खूण सोपी आहे. टोके आपल्यापासून दूर धरून कात्री उघडावी. वरचे पाते उजवीकडे असेल तर ती उजव्या हाताची, डावीकडे असेल तर डाव्या हाताची.

डाव्या हाताच्या लहान कात्र्या बाजारात मिळतात, परंतु तालुक्याच्या दुकानात बहुधा मागवून घ्याव्या लागतात. त्या येईपर्यंत डावखुऱ्या मुलास घट्ट खिळ्याची, चांगल्या धारेची कात्री आणि जाड कागद द्यावा, आणि त्याची कड खडबडीत झाली तर दोष कात्रीचा आहे हे त्याला सर्व वर्गादेखत सांगावे. हात बदलू नये.

सुरक्षिततेचे नियम थोडे असावेत, पण रोज तेच असावेत. कातरताना बसलेले असावे. दुसऱ्यास देताना पाती मिटून मुठीत धरावीत आणि कड्या पुढे कराव्यात. हे मुलांना 'कात्रीचा नमस्कार' म्हणून शिकविता येते. कात्री कागदासाठी आहे. शेजारणीची वेणी आणि स्वतःची झुलपे तिच्या कक्षेत येत नाहीत. हा शेवटचा नियम हसण्यावारी नेऊ नये, तो कधी ना कधी मोडतोच. पहिल्या आठवड्यात एका वेळी सहांपेक्षा अधिक मुलांस कात्री देऊ नये. उरलेल्यांना फाडकाम किंवा चिकटकाम द्यावे. द्विशिक्षकी शाळेतही हे जमते. चौथीची दोन जाणती मुले शेजारी बसवावीत. मात्र त्यांनी लहानग्यांचे काम करून द्यावयाचे नाही, नुसते पाहावयाचे. हरवण्याच्या भीतीवर उपाय म्हणजे भिंतीवर एक फळी. तिच्यावर बारा खिळे ठोकून प्रत्येक खिळ्यामागे कात्रीची आकृती रंगवावी. एक जागा रिकामी दिसली की मोजावे लागत नाही, सारा वर्गच शोधू लागतो. मलमपट्टीची पेटी त्याच फळीखाली असावी. किरकोळ खरचटण्याची नोंद शिक्षकांनी त्याच दिवशी वहीत करावी आणि पालकांना स्वतः सांगावी. दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट नेहमीच मोठी होऊन कळते. त्याहून बरे म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीच एका पालकसभेत या कात्र्या दाखवाव्यात आणि आयांना स्वतः कातरून पाहू द्यावे.

आम्हा तपासणी करणाऱ्यांकडे आता येतो. काळजीपूर्वक चाललेल्या कामात कात्री हरवली वा झिजली, तर ती शिक्षकाच्या खिशातून वसूल करण्याची वस्तू नव्हे. वापराने झिजलेल्या साहित्याचे निर्लेखन करण्याची रीत आहे, ती वापरावी. किरकोळ इजेबाबत विचारणा करावी लागली, तर तीत मुलांना पूर्वतयारी दिली होती काय आणि कात्री योग्य होती काय, हे दोन प्रश्न आधी असावेत. माझ्या बीटातील भेटींत यापुढे मी कपाटातील कात्र्या मोजणार नाही. वर्गाच्या जमिनीवर कात्रणे आहेत का, ते पाहीन.

केंद्रातील प्रत्येक शाळेने अंगणवाडी ते दुसरीपर्यंतच्या वर्गांत डाव्या हाताने काम करणारी मुले किती, याची संख्या पुढील शिक्षण परिषदेच्या दिवशी केंद्रप्रमुखांकडे द्यावी. मुलाला विचारू नये. चेंडू फेकताना, खडू उचलताना आणि केस विंचरताना तीन वेगवेगळ्या दिवशी नुसते पाहावे. जे मूल हात बदलत राहते, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून महिन्याने पुन्हा पाहावे. संख्या एकत्र झाली की डाव्या हाताच्या कात्र्या केंद्रासाठी एकदम मागविता येतील, आणि तोवर आहेत त्या बारांवरचा तेलकट कागद काढून ठेवावा.